मरून रंगाचा ठिपका

प्रिय योगिनी,

पत्र बघून दचकली असशील. हल्ली आपल्यात फोनवर बोटभर निरोप जातात, वाढदिवसाला केकचं चित्र, दिवाळीला पणतीचं. आणि आज एकदम ही हाताने लिहिलेली पानं. मेल केला असता तर तू तो बसची वाट बघत उभ्या उभ्या वाचला असतास, आणि मला तू हे बसून वाचायला हवं आहे. कुरिअरवाल्याने आठ दिवस सांगितले आहेत, म्हणजे तिथून भारतात यायला निघायच्या आधी हे तुझ्या हातात पडेल. आधीच सांगून टाकते, हे वाचून तू अठरा जानेवारीला आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आली नाहीस, किंवा आलीस आणि माझ्याकडे बघितलं नाहीस, तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. नऊ वर्षं एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली आहे. ती सांगायला बसले आहे, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी मुद्द्यावर सरळ कधी येत नाही.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पाहुण्यांची ओळख तुम्ही करून द्यायची, तुमच्या मैत्रीण आहेत ना. मी हसून हो म्हटलं. सभागृहाबाहेर तुझा फ्लेक्स लागलाय, माझ्याहून उंच, आणि रोज तासाला जाताना मला त्याच्यासमोरून जावं लागतं. फोटोत तुझे केस कापलेले आहेत. ते तुला शोभतात, याचाही मला राग आला. परवा वर्गातल्या दोघी मुली विचारत होत्या, मॅडम, तुम्ही खरंच यांच्याबरोबर एका टेबलावर काम केलंय का म्हणून. मी हो म्हटल्यावर त्यांच्या नजरेत माझा भाव एकदम वाढला, आणि मला मात्र दिवसभर काही गोड लागलं नाही. हा सरळ सरळ मत्सर आहे. चाळिशीकडे झुकलेल्या बाईने असं लिहू नये, पण नऊ वर्षं शहाण्यासारखं वागून बघितलं, त्याने काही साधलं नाही.

खरं तर नऊपेक्षा जास्तच. एम.एस्सी.च्या परीक्षा आल्या की तू खडवलीहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला यायचीस, आठवतं? दोन खोल्यांत आम्ही चौघं, त्यात तू पाचवी. माझी आई तेव्हा रोज दुधावरची साय काढून तुझ्या वाटीत घालायची. म्हणायची, पोर आईबापांपासून लांब आहे. खडवली काय सातासमुद्रापार होतं? मी त्याच आईची मुलगी, तिच्याच डोळ्यांसमोर, आणि मला खालचं दूध. तू मात्र अर्धी साय माझ्या पोळीवर ठेवायचीस. त्याने तर मला आणखीच चिडायला व्हायचं, कारण तुझ्यावर धड रागावताही यायचं नाही. अजूनही आई फोनवर आधी विचारते, योगिनीचं काय चाललंय? मग माझं. गेल्या महिन्यात मी तिला म्हटलं, सरोजबाई, तुमची खरी मुलगी मी आहे, कागदपत्रं दाखवू का? ती हसत सुटली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

मग आपण दोघी ठाण्याच्या प्रयोगशाळेत एकाच सरांच्या हाताखाली लागलो. माझ्या स्कूटरवरून शीळफाट्याच्या ट्रकांमधून वाट काढत जायचो, मी चालवायचे आणि तू मागे बसून माझ्या कानात तुझ्या चिपबद्दल ओरडायचीस. हेल्मेटमधून निम्मं ऐकू यायचं, तरी सगळं पाठ झालं होतं मला. चिपवर शेजारीशेजारी दोन वाटा, केसाहून बारीक. प्रकाश त्या दोन्ही वाटांनी मिळून चालतो, आणि चालायच्या त्याच्या दोन तऱ्हा असतात, एक पावलाशी पाऊल जुळवून, दुसरी अगदी उलट पावलांनी. कॅमेऱ्यात पहिलीचा एकच भरीव पुंजका दिसायचा, दुसरीचे दोन, मधे काळी फट. आपण त्यांना ‘एकत्र’ आणि ‘विभक्त’ म्हणायचो, कुटुंबांना म्हणतात तसं. एका वाटेवर तू प्रकाश खाणारा क्रोमियमचा पातळ पट्टा चढवला होतास. बाकीची माणसं प्रकाश वाया जाऊ नये म्हणून धडपडतात, तू तो मुद्दाम वाया घालवायचीस. कारण त्या गळतीमुळेच अशी एक अवस्था येते, जिथे या दोन्ही तऱ्हा मिसळून एकच होतात, वेगळ्या ओळखताच येत नाहीत. वाटांची रुंदी आणि अंतर हळूहळू बदलत नेलं की प्रकाशाला त्या अवस्थेभोवती जणू फेरी मारून यावं लागतं. या बाजूने फेरी मारली, तर आत दोन्हींपैकी काहीही पाठवा, बाहेर एकत्रच येणार. त्या बाजूने मारली, तर बाहेर विभक्तच. आणि फेरी कुठल्या बाजूने, ते प्रकाश चिपच्या कुठल्या टोकातून सोडला त्यावर ठरतं.

तू हे तुझ्या वडिलांना, दौलतकाकांना, समजावून सांगितलंस तेव्हा मी होते. तुमच्या अंगणात काका वाल सोलत बसले होते. तू तुळशीवृंदावनाभोवती एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून फिरून दाखवलंस, आणि कलावतीकाकू दारातून ओरडल्या की उलटी प्रदक्षिणा घालू नकोस. काका मात्र सोलायचे थांबले. म्हणाले, “म्हणजे आत कोण गेला ते कोणी विचारीत नाय, कुठल्या बाजूने फिरला तेवढंच बघतात?” तू टाळ्या पिटल्यास. सरांच्या सेमिनारमध्ये एवढा नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझे वडील तेव्हा हयात होते, पण मी काय करते हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मला काकांवरूनही तुझा हेवा वाटला, बघ.

अडचण एवढीच होती की सरांचा तुझ्या चिपवर विश्वास नव्हता. एवढ्या आखूड वाटेवर हा दिशेचा परिणाम दिसणारच नाही, त्याला लांब आणि सावकाश वाट लागते, असं त्यांचं ठाम मत होतं. तुझ्या चिपमधून नेहमी एकत्रच बाहेर येत होतं, तर ते म्हणायचे, विभक्त त्या पट्ट्यात मरत असेल, त्यात विशेष काय? उलट्या टोकाने प्रकाश पाठवून बघू का म्हणून तू विचारलंस तर म्हणाले, आधी एका बाजूचं पक्कं कर, शंभर वेळा तेच आलं पाहिजे. आणि त्याच सुमाराला जर्मनीच्या प्रयोगशाळेत सहा महिने जायची एक जागा आली. आपल्यातून एकीलाच पाठवायचं होतं. ज्या मुलीची मापं पक्की, ती जाणार. माझं काम धडधाकट पण साधं होतं. तुझं पक्कं झालं असतं तर तू जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आता त्या दुपारचं. मामेबहिणीच्या लग्नासाठी तू तीन दिवस खडवलीला गेली होतीस आणि जाताना मला म्हणालीस, रोज एकदा माझी चिप मापून ठेव, खंड पडायला नको. चिपची दोन टोकं डोळ्यांना सारखीच दिसायची, म्हणून ज्या टोकातून प्रकाश आत सोडायचा तिथे काचपट्टीवर तू नेलपॉलिशचा ठिपका लावायचीस. मरून रंग. ती बाटली आपल्या खणात स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी असायची आणि सर तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. दुसऱ्या दिवशी चिपच्या कडेला धूळ दिसली म्हणून मी कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून ती पुसली. रोजचंच काम. बोळा उचलून बघते तर गुलाबी झालेला. ॲसिटोनने नेलपॉलिश निघतं हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरीला कळतं, आणि मी पीएच.डी. करत होते. पुसताना पट्टी मी दोनदा फिरवली होती. कुठलं टोक कुठलं, काही आठवेना. मी बाटली उघडली आणि अंदाजाने एका टोकाला ठिपका लावला.

तो चुकीच्या टोकाला लागला. हे मला दहा मिनिटांत कळलं, योगिनी. कॅमेऱ्यात तुझा एकच पुंजका यायचा, तिथे दोन होते, मधे काळी फट. आत एकत्र पाठवलं तरी विभक्त, विभक्त पाठवलं तरी विभक्त. कापूस हातात होता, बाटली उघडी होती. पुसून दुसरीकडे लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेवढ्यात सर आत आले आणि त्यांनी विचारलं की योगिनीची चिप काय म्हणते. मी म्हटलं, आज वेगळंच दाखवतेय. त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, बघितलंस, मी सांगत होतो, तिचं काम भरवशाचं नाही. ती आठी बघून मला बरं वाटलं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि खणात ठेवली. तू परत आल्यावर सांगायचं असं त्या दुपारी खरंच ठरवलं होतं, पण तू परत आलीस ती लग्नातली मेंदी आणि माझ्यासाठी पिशवीभर लाडू घेऊन, आणि मी फक्त लाडू घेतले.

यातला विनोद तुझ्या लक्षात आला का? चिप उलटी आहे हे माहीत असलेली त्या खोलीत मी एकटीच होते. म्हणजे टोक बदललं की उत्तर बदलतं, आखूड वाटेवरसुद्धा दिशाच ठरवते, हे सगळ्यांच्या आधी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू ज्याच्यासाठी वर्षभर झगडत होतीस ते माझ्यासमोर पडद्यावर होतं. आणि मला त्यात फक्त तुझी फजिती दिसली. आज याच शोधावरचा तुझा पेपर मी वर्गात शिकवते आणि दर वेळी मनात येतं की हे आधी मी पाहिलं होतं. ते कुणाला सांगायचं तर आधी ठिपका सांगावा लागतो.

पुढचे दोन महिने तू चिप पुसत होतीस, लेझर बदलत होतीस, पट्ट्याची जाडी पुन्हा मोजत होतीस. स्कूटरवर मागे बसून तू गप्प राहायला लागलीस. सरांनी जर्मनीसाठी माझं नाव पाठवलं, आणि तू माझ्यासाठी कळव्याच्या बाजारातून जाड लोकरीचे मोजे आणलेस. मग तो शुक्रवार. काकांना कावीळ होती, उतरतेय असं सगळे म्हणत होते. दुपारी काकूंचा फोन आला, तू स्पीकरवर ठेवला होतास कारण दोन्ही हातांत प्रकाश नेणारी फायबर होती. काकू म्हणाल्या, “ते सारखं तुझं नाव घेतात गं, आज ये ना.” तू म्हणालीस, आई, चिपचं काहीतरी बिघडलंय, सोमवारी सरांना दाखवायचंय, एक शेवटचं माप घेते आणि रविवारी सकाळी येते. मी तुझ्यापासून दोन हातांवर बसले होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, की चिप चांगली आहे, ठिपका चुकलाय, तू घरी जा. मी वहीत डोकं घातलं. काका शनिवारी सकाळी गेले.

खडवलीला तुझ्याबरोबर मी आले होते. तू माझा हात दिवसभर सोडला नाहीस. बाराव्या-तेराव्यानंतर तू ठाण्याला परतलीस, आणि आता सरांना काय वाटायचं ते वाटो असं म्हणून पहिल्याच दिवशी चिप उचलून उलटी बसवलीस. पडद्यावर एकत्र आलं. मग सुलटी, मग उलटी, तू वीस वेळा फिरवलीस. सर उठून तुझ्या टेबलाशी आले आणि अर्धा तास उभे राहिले. सगळं कळल्यावर तू माझ्याकडे वळलीस आणि विचारलंस, “मी नसताना ठिपका तू लावला होतास का गं?” मी म्हटलं, “नाही.” तू मान हलवलीस, म्हणालीस की मग लग्नाच्या घाईत माझ्याच हातून चुकला. त्या एका नाहीबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाकीचं गप्प राहणं होतं, हे चक्क खोटं होतं.

जर्मनीत मी सहा महिने काय केलं? थंडीत मोजे घालून बसले. दुसऱ्यांची मापं घेतली, परत आले, कसाबसा प्रबंध संपवला आणि कल्याणला नोकरी धरली. तू इथे राहून, त्या उलट्या ठिपक्यातून, तिकडे पोचलीस. पेपरच्या शेवटी माझे आभारसुद्धा मानलेस. मी तुझं वाईट केलं त्याचंही तुझं चांगलंच झालं, म्हणून मी किती वर्षं तुझ्यावर चिडले होते ते सांगितलं तर तू हसशील. आणि काकू दर मे महिन्यात मला तांदळाच्या पापडांचा डबा पाठवतात, माझ्या योगिनीला त्या दिवसांत तू सांभाळलंस म्हणून. गेल्या वर्षी मी तो डबा उघडलाच नाही. तसाच शेजारी देऊन टाकला.

हे सगळं आत्ताच का, तर तुझं ओळख-भाषण लिहायचं म्हणून मी तुझं तिकडचं एक व्याख्यान इंटरनेटवर बघितलं. त्यात शेवटी तू विद्यार्थ्यांना सांगतेस की प्रयोगात नोंदी आणि खुणा जपा, मी निष्काळजीपणाने एक ठिपका चुकीच्या जागी लावला, आणि त्या माझ्या चुकीपायी मी माझ्या वडिलांना शेवटचं भेटू शकले नाही. तू हे शांतपणे सांगतेस, पण सांगताना तुझा डावा हात टेबलाची कड घट्ट धरतो. किती गावांत तू हे सांगितलं असशील? अठरा तारखेला तू तेच मराठीत सांगशील, आणि पहिल्या रांगेत काकू बसलेल्या असतील. त्यांना आजवर एवढंच माहीत आहे की पोरीचं काम अडलं होतं. आपल्या लेकीच्या तोंडून त्या हे ऐकतील, आणि मी ओळख करून देऊन तुझ्याच मागे खुर्चीवर बसलेली असेन. ते माझ्याच्याने होणार नाही. काकूंना आधी तू सांगायचं की मी खडवलीला जाऊन सांगू, ते तू ठरव. ठिपका मी लावला, मी ओळखला, मी लपवला, आणि त्या शुक्रवारी मी गप्प बसले. आईची साय तुझी, काकांचा तो प्रश्न तुझा, पेपर तुझा, दारातला फ्लेक्स तुझा, आणि त्याबद्दल माझी जळजळ काही आज थांबलेली नाही. पण ती चूक तुझी नाही, योगिनी. नऊ वर्षं तू ती आपली म्हणून सांगते आहेस. ती माझी आहे, ती मला परत दे.

तुझीच,
हेमांगी